नवीन साहेब विचारतात, हे ४ कशावर दिलंय?

पत्र असं आलंय:

"दादा, मी कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला सिनिअर इंजिनिअर आहे, ९ वर्षं झाली तिथंच. एप्रिलमध्ये अप्रेजल झालं, जुन्या साहेबांनी ५ पैकी ४ दिले, इन्क्रिमेंट पण बरं मिळालं. जूनमध्ये साहेब चाकणला गेले. ऑगस्टमध्ये नवीन मॅनेजर आलेत, पुण्याहून, वयानं माझ्याएवढेच असतील. पहिल्याच वन-टू-वनला लॅपटॉपवर माझा फॉर्म उघडला आणि म्हणाले हे ४ कशावर दिलंय, मला यात काहीच दिसत नाही, मी असतो तर ३ दिले असते. माझ्या तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यात पाणी येईल म्हणून लॅबमध्ये काम आहे सांगून उठले. तेव्हापासून झोप नाही. मिस्टर म्हणतात गप्प बस, महिन्याभरात विसरतील. बहीण पुण्यात आयटीत आहे, ती म्हणते एचआरला मेल टाक लगेच. कँटीनमध्ये म्हणतात हे आता आपली माणसं आणणार. जुन्या साहेबांना फोन केला तर ते म्हणाले मी बोलू का त्यांच्याशी. त्यांनी फॉर्ममध्ये रिमार्क लिहिलाय 'सिन्सिअर अँड हार्डवर्किंग, कीप इट अप', तेवढाच. पण काम मी केलंय हो. माझं ४ काढून घेतील का? काय करू?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, निदान आज तरी झोप लागू दे. तुमचं ४ कुणी काढून घेत नाही. त्या अप्रेजलची सायकल बंद झाली, साहेबांनी सही केली, त्यांच्या वर प्लँट हेडनी पास केलं, एचआरनं इन्क्रिमेंटचं लेटर काढलं आणि त्या हिशोबानं पगार पण खात्यावर पडायला लागला. आता हे सगळं मागं फिरवायचं तर नवीन मॅनेजरला प्लँट हेडसमोर उभं राहून म्हणावं लागेल की तुम्ही सही केली ते चुकलं. नुकताच आलेला माणूस, ज्याचं स्वतःचं प्रोबेशन बहुतेक अजून संपलेलं नाही, तो हे कशाला अंगावर ओढवून घेईल सांगा. तेव्हा ४ तुमचं आहे, त्याची राखण करत बसू नका. प्रश्न पुढच्या मार्चचा आहे आणि त्याची तयारी आत्ता करायची आहे.

आता त्या रिमार्ककडं येतो. तुम्ही ती ओळ जाता जाता लिहिलीय पण सगळी गोम तिथंच आहे. जरा त्यांच्या खुर्चीत बसून बघा, राग आला तरी बघा. नवीन जागा, एकाही माणसाची ओळख नाही, एचआरनं टीमचे सगळे फॉर्म उघडून दिलेत, आणि तुमच्या फॉर्ममध्ये आकडा आहे ४ आणि खाली लिहिलंय सिन्सिअर अँड हार्डवर्किंग. अहो हा रिमार्क कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला चालतो, गेटवरच्या वॉचमनला चालतो, स्टोअरच्या पोऱ्याला पण चालतो. ९ वर्षं क्वालिटी सांभाळणाऱ्या बाईनं वर्षभरात काय केलं हे त्यातून कुणाला कळणार, मला पण कळलं नाही. जुने साहेब माणूस चांगला असेल, तुमच्याबद्दल मनात चांगलंच असणार, पण फॉर्म भरायला आळशी. मार्च एन्डला डिस्पॅचचा गोंधळ, त्यात एचआरचा रोज रिमाइंडर, मग रात्री साडेआठला बसून सगळ्यांना एकच ओळ कॉपी पेस्ट. हे आपल्या पट्ट्यात इतक्या कंपन्यांत होतं की काही विचारू नका, एचआरमध्ये असताना असे फॉर्म बघून बघून माझे डोळे शिणलेत.

आणि आपल्याकडच्या जुन्या साहेब लोकांचा हिशोब डोक्यात असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटाला गेलं, मारुती चौकात होड्या फिरत होत्या, त्या आठवड्यात घरात पाणी असताना कोण कुपवाडला ड्युटीवर आलं आणि कोण कोरडं असून फोन बंद करून बसलं, हे त्यांना आजही तोंडपाठ असतं आणि पुढची चार वर्षं ते मार्कात उतरतं. त्यात वाईट काही नाही. पण तो माणूस बदलून गेला की तो सगळा हिशोब त्याच्याबरोबर चाकणला जातो आणि मागं राहतो फक्त फॉर्म.

त्यामुळं त्यांचं "कशावर दिलंय" हे विचारणं मला चुकीचं वाटत नाही. विचारायची पद्धत वाईट, पहिल्या भेटीत कोण असं विचारतं, आधी माणसाला चहा विचारावा. आणि "मी असतो तर ३ दिले असते" हे वाक्य तर निव्वळ फुकटचं आहे कारण ते नव्हते, त्या वर्षी ते दुसऱ्या कुठल्या तरी प्लँटला होते. ही दोन वाक्यं मनात वेगळी करा. पहिल्याला उत्तर द्यायचं, दुसरं सोडून द्यायचं, त्यावर वाद घालायला गेलात की मग ते ३ का आणि ४ का यावर तासभर बोलतील आणि शेवटी त्यांची खुर्ची मोठी म्हणून तेच जिंकतील.

एक कडू गोष्ट पण बोलून टाकतो, रागावू नका. तुमचं ४ हे शंभर टक्के तुमच्या कामाचंच होतं असं धरून चालू नका. तुमचं काम कमी होतं असं मी म्हणत नाही, पण रेटिंगचा आकडा तयार कसा होतो ते मी आतून बघितलंय. इन्क्रिमेंटचं बजेट आधी ठरलेलं असतं, डिपार्टमेंटला इतके ४ आणि इतके ३ असं वरून आलेलं असतं, मग एखाद्यानं राजीनामा दिला की त्याचा वाटा दुसऱ्याला जातो, एखादी बाई सोडून जाईल अशी भीती असली की तिला धरून ठेवायला एक आकडा वाढतो, कुणाचं प्रमोशन हुकलेलं असतं त्याला त्या बदल्यात ४. मोठमोठ्या कंपन्या पण या बेल कर्व्हला, म्हणजे आधीच ठरलेल्या मार्कांच्या वाटपाला, कंटाळल्या, मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये माणसांना अशा उतरंडीत बसवणं बंद केलं, आपल्याकडं अजून जोरात चालू आहे. सांगायचं एवढंच की त्या आकड्यात तुमचं काम असतं, साहेबांचा स्वभाव असतो आणि त्या वर्षीचं बजेट पण असतं. म्हणून त्या ४ ला कुणी बोट लावलं की आपली ९ वर्षं पुसली असं वाटून घ्यायचं काही कारण नाही.

मग हे असं का विचारतात? मला तीन-चार शक्यता दिसतात. एक तर टीममध्ये सगळ्यांनाच ४ असणार आणि कस्टमर रिजेक्शन मात्र जिथल्या तिथं, मग कुणीही नवीन माणूस विचारणारच की बाबा सगळे एवढे हुशार तर माल परत का येतोय. दुसरं, येत्या मार्चला त्यांना स्वतः सगळ्यांना मार्क द्यायचेत आणि ते आत्तापासून खाली आणून ठेवतायत, म्हणजे तेव्हा ३ दिलं तरी कुणी ओरडायला नको. तिसरं, नवीन आलोय तर थोडा वचक बसवू, हा आपल्याकडचा जुना आजार. चौथं म्हणजे कँटीनवाली थिअरी, आपली माणसं आणायची म्हणून जुन्यांना हलवायचं. होतं असं, नाही म्हणत नाही, पण दर नवीन मॅनेजरबद्दल कँटीनमध्ये पहिल्या महिन्यात हेच बोललं जातं आणि बहुतेक वेळा कुणी येत नाही कारण पुण्याहून कुपवाडला यायला माणसं तयारच होत नाहीत.

कुठली शक्यता खरी हे ओळखायला एक सोपा मार्ग आहे. ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे अशा एकाच सहकाऱ्याला विचारा की तुझ्या वन-टू-वनला काय काय झालं. स्वतःचं सांगू नका, त्याचं ऐका. सगळ्यांनाच हाच प्रश्न विचारलाय असं निघालं तर तुमचं अर्धं टेन्शन तिथंच जाईल. फक्त तुम्हालाच विचारलंय असं निघालं तर मग थोडं सावध राहायचं, पण करायचं काम तेच, जे आता सांगतो.

जुना फॉर्म, सेल्फ अप्रेजल आणि इन्क्रिमेंट लेटर पोर्टलवरून डाऊनलोड करून ठेवा, उद्या म्हणू नका, आजच, कारण बऱ्याच ठिकाणी नवी सायकल चालू झाली की जुन्याचा अ‍ॅक्सेस जातो आणि मग एचआरला मागत बसावं लागतं. हे तुमचे स्वतःचे कागद आहेत, ते तुमच्याकडं असायलाच पाहिजेत. पण त्याच झटक्यात ड्रॉइंग, कस्टमरचे रिपोर्ट, रिजेक्शनचे डेटाशीट असलं काही स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका हं. पुरावा म्हणून लोक भाबडेपणानं पाठवतात, आयटीवाल्याला ते दिसतं, आणि मग मूळ भांडण राहतं बाजूला, गोपनीय माहिती बाहेर पाठवली म्हणून तुमच्यावरच नोटीस येते. त्यातले आकडे आणि तारखा एका वहीत लिहून घेतल्या तरी तुमचं काम भागतं, आणि ती वही पण ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेवा.

आता वहीत काय लिहायचं. तुम्ही क्वालिटीला आहात, तुमच्याइतका लेखी पुरावा कंपनीत दुसऱ्या कुणाकडं नसतो हे लक्षात घ्या. मार्केटिंगवाल्याला सांगावं लागतं की मी कस्टमरशी संबंध जपले, तुमच्या प्रत्येक कामाला कागद आहे. गेल्या वर्षी कस्टमर कम्प्लेंटच्या जेवढ्या आठ डी (तक्रार आठ पायऱ्यांत सोडवायचा रिपोर्ट) झाल्या त्या सगळ्या काढा. खाली 'प्रिपेअर्ड बाय'ला नाव कुणाचं आहे? पहिल्या डी मध्ये टीम लिहिताना तुमचं नाव कितव्या नंबरवर आहे? पाचव्या-सहाव्या डी मधली करेक्टिव्ह अ‍ॅक्शन कुणी सुचवली, लाईनवर कुणी बसवली? शेवटच्या आठव्या डी मध्ये टीमचं कौतुक करायचं असतं, ती ओळ आपल्याकडं सगळे कॉपी पेस्ट करतात, ती सोडा. आयएटीएफच्या (गाड्यांच्या पार्टसाठीचं क्वालिटी स्टँडर्ड) ऑडिटला तुमच्या एरियात किती एनसी, म्हणजे स्टँडर्डमध्ये न बसणाऱ्या गोष्टी, आल्या, किती वेळेत क्लोज झाल्या तेही काढा.

समजा त्यातलं एक प्रकरण पंप हाऊसिंगच्या बोअर ओव्हरसाइजचं, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं झाल्याचं आहे. तर "बोअर रिजेक्शन कमी केलं" एवढं लिहून भागणार नाही, नवीन माणूस लगेच विचारणार की किती कमी. असं लिहा: एप्रिल ते सप्टेंबर २४,००० पीस गेले, ३६ परत आले, म्हणजे १,५०० पीपीएम (दहा लाख पीसमागं परत आलेले). दर पाचव्या पीसला ऑपरेटरनं बोअर गेजनं बघायचं आणि इन्सर्टला (कापणाऱ्या टूलच्या पात्याला) टूल लाइफचा काउंटर लावायचा हे मी ऑक्टोबरमध्ये चालू केलं. ऑक्टोबर ते मार्च ३०,००० गेले, ९ परत आले, ३०० पीपीएम. बस, चार ओळी. आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुमचे तुम्ही भरा. अशी तीन प्रकरणं निघाली तरी पुरे, दहा नकोत, दहा लिहिलीत तर ते वाचणार नाहीत आणि तुम्ही घाबरून सगळं ओतलंय असं दिसेल. त्यात एक असं पण घाला जे जमलं नाही. म्हणजे उदाहरणार्थ अमुक सप्लायरच्या कास्टिंगमधली पोरॉसिटी (आतली बारीक छिद्रं) अजून आटोक्यात आलेली नाही, हे हे करून बघितलं, इथं अडलंय. क्वालिटीचा माणूस सगळं छान छान दाखवायला लागला की समोरच्याला वास येतोच.

लिहिताना एक होईल, तुम्हाला स्वतःलाच कळेल की खरंच ४ चं काम होतं का ३ चं. ते तुमच्यापाशी ठेवा, पण प्रामाणिकपणे बघा. तीन प्रकरणं शोधताना घाम फुटला तर नवीन साहेबांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे असं समजायचं आणि कामाला लागायचं. माझा अंदाज असा की तसं होणार नाही, ९ वर्षं क्वालिटीत टिकलेल्या बाईकडं तीनाऐवजी आठ निघतील आणि काय काढायचं हाच प्रश्न पडेल.

मग वेळ मागून जा. २५ तारखेनंतर जाऊ नका, महिनाअखेरच्या डिस्पॅचमध्ये कुठल्याच मॅनेजरचं डोकं जागेवर नसतं. पहिल्या पंधरवड्यात, दुपारी, लाईनचा राउंड झाल्यावर. "सर वीस मिनिटं पाहिजेत" एवढंच म्हणा. हातात एक पानी कागद घेऊन जा. डोळ्यात पाणी यायची भीती वाटते म्हणालात ना, त्याला पण कागदच कामाला येतो, नजर कागदावर ठेवता येते आणि आवाज अडखळला तर "इथं बघा सर" म्हणून आकड्यावर बोट ठेवता येतं. आणि आलंच पाणी तर येऊ दे, दोन मिनिटं थांबायचं आणि पुढं बोलायचं, त्यानं कुणाचं रेटिंग कमी होत नाही.

बोलायचं काहीतरी असं: "सर, तुम्ही त्या दिवशी माझ्या फॉर्मबद्दल विचारलंत. मला तेव्हा लगेच नीट सांगता आलं नाही. फॉर्ममध्ये डिटेल लिहिलेलं नाही हे बरोबर आहे. गेल्या वर्षीची तीन मोठी कामं मी लिहून आणलीत, एकदा बघा. आणि या वर्षी तुम्हाला माझ्याकडून नेमकं काय पाहिजे ते पण मला समजून घ्यायचंय." ४ हा आकडा तुमच्या तोंडून येऊच देऊ नका. जुन्या साहेबांचं नाव पण नको. तुम्ही रेटिंग वाचवायला आलाय असं वाटलं की ते पण मग त्या आकड्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसतात. काम दाखवायला आलाय म्हटल्यावर कागद हातात घेणारच, इंजिनिअर माणूस पीपीएमचा आकडा बघून गप्प बसू शकत नाही, काहीतरी विचारतोच. ते विचारायला लागले की समजा गाडी रुळावर आली.

शेवटचा प्रश्न मात्र विसरू नका, तोच सगळ्यात महत्त्वाचा. "सर, तुमच्या हिशोबानं ४ चं काम म्हणजे काय?" हा नव्हे, वर सांगितलं तसं आकडा नको. "या वर्षी कुठल्या दोन गोष्टी झाल्या तर तुम्ही म्हणाल की क्वालिटीनं चांगलं काम केलं?" असं विचारा. ते काय म्हणतील ते त्यांच्यासमोरच लिहून घ्या. आणि खाली येऊन त्याच दिवशी एक छोटा मेल टाका, इंग्रजीतच टाका, ऑफिसचा मेल आहे: वेळ दिल्याबद्दल थँक्स, आपण ठरवलेल्या दोन गोष्टी या या, ऑक्टोबरच्या मिड-इयर रिव्ह्यूला यावर परत बसू. तक्रारीचा सूर नको, कुणाला सीसी नको. हा मेल मार्चमध्ये तुम्हाला जेवढा उपयोगी पडेल तेवढा एचआरला केलेला कुठलाच मेल पडणार नाही. जुन्या साहेबांनी जे लिहिलं नाही ते आता तुम्ही स्वतः लिहून ठेवताय, वर्ष चालू असतानाच, आणि नवीन साहेबांच्या तोंडचं.

आता घरचे आणि बाकीचे. मिस्टर म्हणतात गप्प बस, त्यात अर्धं खरं आहे, त्या दिवशी गप्प राहिलात ते बरंच झालं, नाहीतर रागात काहीतरी बोलून बसला असता. पण महिनोन् महिने गप्प राहिलं तर ते समजतील की ३ तुम्हाला मान्य आहे. तुमच्या बहिणीचं आयटीचं ठीक आहे, त्यांच्याकडं एचआरमध्ये मजलाभर माणसं असतात. कुपवाडच्या कंपनीत एचआर म्हणजे एक माणूस आणि एक असिस्टंट, तोच कँटीनचं कॉन्ट्रॅक्ट बघतो, तोच कंत्राटी कामगारांची हजेरी, तोच पीएफ, तोच गेटपास. तुमचा मेल गेला की तासाभरात तो मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन म्हणणार, मॅडमनी असं असं लिहिलंय, काय झालं काय. एकदा विचारलेल्या एका प्रश्नासाठी ही शिडी आत्ता वापरू नका, पुढं लागू शकते.

जुन्या साहेबांना नम्रपणे नको म्हणा. चाकणहून त्यांनी फोन केला तर नवीन साहेब काय समजणार, की बाईनं आधीच्या बॉसकडं जाऊन माझी चुगली केली, आणि वर आधीचा माणूस अजून हे डिपार्टमेंट चालवायला बघतोय. दोन मॅनेजरच्या इगोमध्ये आपण सापडायचं नाही. त्यांच्याकडून दुसरं काहीतरी मागा: गेल्या वर्षी कस्टमरकडून कौतुकाचा मेल त्यांना आला होता का, कधी, कुठल्या विषयाचा, म्हणजे तो तुम्हाला शोधता येईल. आणि पुढं कधी नोकरी बदलायची वेळ आली तर रेफरन्स द्याल का एवढं विचारून ठेवा. तो फोन पण घरून करा, लॅबमधून नको.

आणि एक, तुम्ही लिहिलेलं नाही पण आपल्या भागात होतं म्हणून सांगतो, घरातलं कुणीतरी म्हणेल की आपले अमुक अण्णा आहेत, त्यांच्याकडून मालकांना एक फोन लावू. नका लावू. सांगली-मिरजेत हे औषध फार लवकर काढतात लोक. त्यानं ३ चं ४ होईल पण, पुढं मग प्रत्येक गोष्टीत तुम्ही फोनवाली बाई म्हणून ओळखल्या जाल आणि तुमच्या ९ वर्षांच्या आठ डी कुणी बघणार नाही.

कँटीनमध्ये मात्र अवाक्षर नको. कोण किती जवळचा असला तरी नको.

समजा हे सगळं करून पण बिनसलं तर. तुमचा कागद न वाचताच बाजूला ठेवला, तुमचं काम काढून दुसऱ्याला द्यायला लागले, चारचौघात "४ वाल्या मॅडम" असले टोमणे चालू झाले, किंवा इन्क्रिमेंट परत बघू अशी भाषा आली, तर मग तारीख, वेळ, काय बोलले, कोण होतं, हे त्याच वहीत लिहायला लागा. मोबाईल लपवून रेकॉर्डिंग करत बसू नका, पकडलं गेलं तर सगळं तुमच्यावर उलटतं. बाई म्हणून काही घाणेरडं बोलले तर ते प्रकरणच वेगळं, तिथं वाट बघायची नाही, सरळ कंपनीच्या अंतर्गत समितीकडं लेखी जायचं, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं ती समिती असणं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. बाकी बाबतीत आधी मॅनेजरलाच मेल, मग प्लँट हेड, आणि एचआर त्यांच्यासोबत. प्लँट हेडला सांगताना एवढंच की गेल्या वर्षीच्या रेटिंगवर तुमची पण सही आहे, त्याबद्दल काही शंका असेल तर आपण तिघं बसून बोलू. ही एक ओळ पुरते.

पगाराला खरंच हात लावायला गेले तर कायद्याचं थोडं बघावं लागेल. कामगार या व्याख्येत बसणाऱ्या माणसाच्या पगारात, भत्त्यात बदल करायचा तर कंपनीला २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आधी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत आहे. सुपरवायझरचं काम आणि महिना १८,००० च्या वर पगार असेल तर त्या व्याख्येच्या बाहेर, पण बघताना पदनाम काय लिहिलंय यापेक्षा खरं काम काय करता ते बघतात, सिनिअर इंजिनिअर नाव आहे आणि हाताखाली कुणीच नाही अशा केसमध्ये वाद होऊ शकतो. त्या पायरीला आलात तर अपॉइंटमेंट लेटर आणि इन्क्रिमेंट लेटर घेऊन सांगलीत कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाला भेटा, पेपरातल्या सल्ल्यावर जाऊ नका. मला तशी वेळ येईलसं वाटत नाही.

जिल्हा परिषदेतले, पीडब्ल्यूडीतले वाचक मला लिहितात की आमच्याकडं पण असंच आहे, साहेब बदलले की गोपनीय अहवाल खाली. त्यांच्यासाठी एवढंच, तुमची बाजू या ताईंपेक्षा भक्कम आहे. २००८ साली सुप्रीम कोर्टानं देव दत्त यांच्या केसमध्ये सांगितलंय की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. त्यांना वाईट शेरा नव्हता, 'गुड' होता, पण प्रमोशनला 'व्हेरी गुड' लागत होतं आणि त्यांना ते कळवलंच नव्हतं. खाजगी कंपनीला हा निकाल लागू नाही, पण एका शब्दात माणसाचं किती अडतं ते बघा.

ताई, नोकरी सोडायचं आत्ता डोक्यात नको. सीव्ही अपडेट करा, ती तीन प्रकरणं त्यात टाका, हे असंही करायला पाहिजेच. पण रागात राजीनामा दिला तर कुपवाडपासून कोल्हापूरकडच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीपर्यंत क्वालिटीची माणसं एकमेकांना ओळखतात, नवीन ठिकाणी विचारणार की का सोडलं, आणि "नवीन साहेब म्हणाले मी ३ दिले असते" हे काही सांगण्यासारखं कारण नाही.

राहता राहिला मार्च. दोन गोष्टी ठरल्या, झाल्या, मेल आहे, मिड-इयरला पण बोलणं झालं, आणि तरी ३ आलं, असं होऊ शकतं. तेव्हा फॉर्मवर सही करायला नकार देऊ नका, सही म्हणजे फॉर्म मिळाला एवढंच, मान्य आहे असा त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी होत नाही, पण वर काय छापलंय ते एकदा वाचा. 'एम्प्लॉयी कमेंट्स'चा जो रकाना असतो, ज्यात आपण सगळे दरवर्षी 'ओके' किंवा 'थँक यू सर' लिहून मोकळे होतो, त्यात भेटीनंतर टाकलेल्या त्या मेलची तारीख, ठरलेल्या दोन गोष्टी आणि समोर झालेले आकडे लिहा. आणि सबमिट दाबायच्या आधी त्याची कॉपी काढा, बऱ्याच पोर्टलवर नंतर तो रकाना उघडत नाही.